गुडघ्याखाली चार बोटं

सोमवार, ४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता बाजूला ठेवशील, अशी माझी अटकळ आहे. ठेव. दोन-चार दिवसांनी फोडशीलच. बंद पाकीट आणि दुसऱ्याचं कपाट या दोन गोष्टी तुला कधी सहन झाल्या नाहीत.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर आपण भांडतो. कागदावर भांडायचं तर निदान मध्ये टपालवाला असतो.

काम काही नाही. नवी तुकडी आली आहे, एवढंच सांगायचं होतं. सहा निवासी डॉक्टर, सगळे तिशीच्या आतले, प्रत्येकाच्या डोळ्यांखाली रात्रपाळीची काजळी. इस्पितळाच्या वेदना विभागात काही महिने काम करायचं, त्यात माझ्याकडे सुया टोचायला शिकायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे. तिसऱ्या मजल्यावर मला खोली दिली आहे. पूर्वी तिथे चादरींचं कोठार होतं, त्यामुळे भिंतभर रिकामे फळकुटांचे कप्पे आहेत आणि खिडकी उघडली की धुलाईघराची वाफ आत येते. दोन तपासणीची टेबलं, सहा स्टुलं, एक गळका नळ. बाबा जिथे रोग्यांना सुया टोचायचे त्या खोलीपेक्षा मोठी आहे. उजेड मात्र तसा नाही.

पहिला आठवडा साबणाची वडी. ती हातात दिली की दरवर्षी कुणीतरी हसतं. या वर्षी भूलवाला हसला. भूलशास्त्र शिकतो म्हणून मी त्याला भूलवाला म्हणते. देखणा आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. म्हणाला, ‘मॅडम, आम्ही पाठीच्या कण्यात सुया घालतो. साबणात काय घालायचं?’ म्हटलं, घाल तर खरं. त्याने घातली ती वाकली. आमची सुई केसासारखी, ती ढकलली की वाकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग निमूट बसला. आठवडाभर साबण, मग स्वतःचा हात, मग एकमेकांचे हात-पाय, आणि सर्वांत शेवटी माझा पाय.

होय, माझा पाय. बाबांचा नियम मी इथे लावला आहे, हे तुला माहीत नसेल. शिकवणाऱ्याच्या पायात, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट, तिथे सुई जाईल, आणि शिकवणारा ‘आलं’ म्हणेल, तोवर कुणीही रोग्याला सुई लावायची नाही. ‘आलं’ म्हणजे टोचल्याचं दुखणं नव्हे. सुई योग्य जागी, योग्य खोल गेली की आत जी जड ओढ उठते आणि घोट्याकडे उतरते, ती. ती ज्याच्या पायात उठते त्यालाच कळते, म्हणून पाय शिकवणाऱ्याचा. विभागप्रमुख साहेबांना हे पटवायला मला वर्ष लागलं. त्यांना गुणांचा तक्ता हवा होता. मी म्हटलं, तक्ता काय, एक शब्द आहे. तो मी म्हणते किंवा म्हणत नाही.

तू म्हणाली होतीस, हे डॉक्टर चार शनिवारांत शिकतील आणि दारावर पाटी लावतील. बाबांची विद्या तू पाकिटांत घालून वाटायला निघालीस, म्हणालीस. मी म्हणाले, तू ती पेटीत घालून कुजव. त्यावर तू दार लावून घेतलंस, आणि मीही परत वाजवलं नाही. दोघींनाही बोलायला भरपूर वर्षं होती, ती आपण नीट वाया घालवली.

तर सांगायचं हे की नियम मी सोडलेला नाही. एवढ्यासाठीच लिहिलं. तब्येत ठीक आहे. वयाप्रमाणे पाय जरा कुरकुरतात, बाकी काही नाही. ह्यांचं पेपर मोठ्याने वाचणं चालू आहे.

तुझी धाकटी


शुक्रवार, १ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. ते येणार नव्हतंच. पत्र परतही आलं नाही, म्हणजे फोडलंस.

काल मधली परीक्षा झाली. पाच जण पास, एक मुलगी नापास. दरवर्षी एखादं होतंच. पण ही डोक्यातून जात नाही.

तिला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. मेंदू आणि नसांच्या विभागातून आली आहे. नाव तिच्या तोंडावर घेतात, तीही ओ देते. प्रत्येक गोष्ट सावकाश करते. हात धुते तेव्हा बाकीचे एक रोगी तपासून होतात. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर कातडी सुकेपर्यंत खरोखरच थांबते. मी तसं करायला सांगते सगळ्यांना, पण करणारी ही पहिली. हाडांच्या विभागातला हाडवाला म्हणतो, ‘हिच्यासमोर रोगी आपोआप बरा होऊन घरी जाईल.’ ती हसते आणि सुईकडेच बघत राहते.

काल तिने माझ्या पायात सुई घातली. नडगी चाचपून, बोटं मोजून, पुन्हा मोजून. सुई धरणारी बारीक नळी कातडीवर टेकवून टिचकी मारली, नळी काढली, चिमटीत सुई फिरवत खाली नेली आणि माझ्याकडे बघितलं. मी गप्प. तिने जराशी वर घेतली, किंचित तिरकी केली, पुन्हा नेली. पुन्हा बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एवढी शंका होती की मला वाटलं, नाही आलं. मी मान हलवली. तिने सुई काढली, बोळा दाबून धरला, ‘थँक यू मॅडम’ म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली.

शेवटची परीक्षा एप्रिलात आहे. तीत नापास झाली तर तिला वेदना विभागातून काढतात आणि पुन्हा जुन्या वॉर्डात पाठवतात. तिने तर पुढे हेच करायचं ठरवलं आहे. त्यासाठी दुसरी चांगली जागा सोडून आली, असं डुलकी सांगत होता. डुलकी म्हणजे रात्रपाळी करून वर्गात पेंगणारा. तो झोपेत सगळं ऐकतो.

वरचं वाक्य तू पुन्हा वाचशील, म्हणून मीच दाखवते. ‘तिच्या चेहऱ्यावर एवढी शंका होती की मला वाटलं.’ बाबा असते तर म्हणाले असते, चेहरा कशाला बघत होतीस? पाय काय म्हणाला?

आज इथेच थांबते.

धाकटी


मंगळवार, १२ मार्च

ताई,

पाय काहीच म्हणाला नाही. गेलं वर्षभर काही म्हणत नाही.

डाव्यापासून सुरू झालं. आधी करंगळी, मग तळवा, मग मोजा घातल्यासारखं वर वर. मोजा काढायला जावं तर पायात मोजा नाही. साखरेचं दुखणं आईकडून आलं आहे हे मला ठाऊक होतं. गोळ्या घेते, कधी विसरते. मग मी परीक्षेसाठी उजवा पाय पुढे करायला लागले. आता उजवाही तसाच. पायाला स्पर्श झाला हे वरवर कळतं, आतलं काही कळत नाही. गेल्या आठवड्यात ह्यांनी पेपर वाचता वाचता विचारलं, ‘तुझ्या चपलेतून रक्त येतंय का?’ बघितलं तर सूचनाफलकाची टाचणी तळव्यात रुतलेली. ती घेऊन मी दिवसभर इस्पितळात हिंडले होते, तीन मजले चढले होते. सुया शिकवणाऱ्या बाईला टाचणी टोचलेली कळली नाही. हे हसले. मग माझं तोंड बघून कापूस आणायला उठले.

मी परीक्षा कशी घेते ते आता ऐक. मुलाची बोटं बघते. सुई बरोबर जागी गेली की टोचणाऱ्याच्या चिमटीला आतून हलकी पकड जाणवते, शिवताना दोरा गाठीशी अडतो तशी. ती जाणवली की मुलगा थबकतो. तो थबकला की मी म्हणते, ‘आलं.’ बरीच वर्षं बोटं बघितली आहेत, बहुतेक वेळा चुकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. आता कळतंय की मुलगा माझा चेहरा बघून थबकतो. मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो, आणि सुई बिचारी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

मग पास कोण होतो? ज्याचा चेहरा पास झालेला असतो तो. भूलवाल्याने सुई घातली आणि असं बघितलं की मी ‘आलं’ म्हणाले नसते तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. आणि सावकाशला शंका येते, ती लपवता येत नाही, म्हणून ती नापास. तिची सुई बहुधा बरोबर होती. मला आता ते कधीच कळणार नाही.

साहेबांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा ते होते. दोन्ही वेळा मी फळा पुसायच्या डस्टरविषयी बोलून परत आले. सांगितलं तर ते म्हणतील, मग तुम्ही इतके दिवस काय करत होता? आणि तू म्हणशील, मी सांगितलं नव्हतं? तुझं म्हणणं जास्त बोचेल. म्हणून आधी तुलाच सांगून टाकते आहे.

मागणं असं आहे. एप्रिलच्या परीक्षेला तू ये. तुझा पाय दे. तुझ्या पायाला बाबासुद्धा मानायचे. सुई केसभर इकडे गेली तरी तू डोळे मिटून सांगायचीस. साहेबांना मी सांगेन, माझी मोठी बहीण, बाहेरची परीक्षक. त्यांना बाहेरचा माणूस म्हटलं की आदर वाटतो. तू हवं तर सगळ्यांना नापास कर, त्यांच्या तोंडावर सांग की डॉक्टरांना हे येत नाही आणि येणार नाही. फक्त त्या मुलीला खरं काय ते कळू दे. माझ्या बहिऱ्या पायापायी तिची जागा जाऊ नये, एवढंच.

उत्तर नाही आलं तर मी समजेन की नाही.

धाकटी


सोमवार, २५ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. ‘येते. एक दिवस. स्टेशनवर येऊ नकोस.’ एवढ्या वर्षांनंतर सहा शब्द, तेही त्यातले तीन मला टाळण्यासाठी. तरी मी कार्ड ह्यांना दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाला. मुख्य दारातून आत आलीस की डावीकडे लिफ्ट आहे. ती बंद असते. तिच्याशेजारची मोठी लिफ्ट स्ट्रेचरची, तिच्यात निर्धास्त शिर, माणूस काही विचारत नाही. तिसरा मजला, धुलाईच्या वासाच्या दिशेने चालत ये. कुणाला विचारायचं झालं तर ‘सुयांची खोली’ म्हण. माझं नाव कुणाला माहीत नाही.

मुलांना सांगितलं आहे की माझी बहीण येणार आहे आणि ती माझ्याहून कडक आहे. हाडवाल्याने विचारलं, ‘तुमच्याहून?’ सावकाश तास संपल्यावर मागे राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, माझं कुठे चुकतं ते तुम्ही सांगाल का? मला हाताला पकड लागते. पण तुम्ही नाही म्हणता, म्हणजे मला जे लागतं ते चूक असणार. मग बरोबर काय ते शोधतेय.’

ऐकलंस? ती बरोबर टोचते, आणि माझ्यामुळे ती ते विसरायच्या मागे लागली आहे. मी म्हटलं, तुझा हात आहे तसाच राहू दे, काही शोधू नकोस. ती म्हणाली, ‘पण मग नापास का?’ मी म्हटलं, परीक्षेला बघू. वेळ मारून नेली. घरी येताना स्वतःची एवढी लाज वाटली की भाजीच्या पिशव्या दुकानातच विसरले.

ये बाई. बाकी काही बोलायचं नाही असं ठरवून आलीस तरी चालेल.

धाकटी


शनिवार, १३ एप्रिल

ताई,

तू खोलीतून गेलीस त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायला हे पत्र. पण आधीचंही लिहिते, कारण ते मला कसं दिसलं हे तुला कळायला हवं.

तू आलीस तेव्हा मी तुला पटकन ओळखलं नाही. केस सगळे पांढरे, आणि चालताना पाऊल जरा जपून, आपटून टाकत होतीस. मला वाटलं, प्रवासाने. तू खोली बघितलीस, नळ बघितलास, ‘गळतो’ म्हणालीस. टेबलावर चढून बसलीस, कपडे गुडघ्यापर्यंत वर घेतलेस, आणि मुलांना म्हणालीस, ‘चला, कोण येतंय मरायला?’ तुझा तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता सुटलो सगळे.

पहिला भूलवाला. तू डोळे मिटलेस. ‘आलं.’ मग हाडवाला. ‘आलं.’ डुलकी, त्यालाही. मला नवल वाटलं. तू कुणालातरी पाडशील अशी माझी खात्री होती. मग वाटलं, ताई मऊ झाली. माझ्या मुलांवर उदार झाली, म्हणजे माझ्यावरच. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीकडे तोंड करून मी बोळे मोजायला घेतले.

मग सावकाश आली. चाचपलं, बोटं मोजली, बोळा फिरवला, सुकेपर्यंत थांबली. हाडवाल्याने उसासा टाकला. तिने टिचकी मारली. सुई कातडीत शिरली, नळी काढली. आणि ती तिथेच थांबली. नंतर तिने मला सांगितलं, बोटाखाली एक बारीक शीर उडताना लागली, म्हणून जागा थोडी बदलावी का याचा विचार ती करत होती. सुई नुसती कातडीत उभी होती, खाली गेलीच नव्हती. तू डोळे मिटून बसली होतीस. खोलीत कुणी बोलत नव्हतं. टिचकी ऐकू आली, मग सगळं शांत झालं, त्यावरून तिचा हात थबकला असं तू ताडलं असणार.

तू म्हणालीस, ‘आलं.’

आणि ती मुलगी तुझ्याकडे बघून म्हणाली, ‘पण मी अजून खोल गेलेच नाही.’

तिला तुला पकडायचं नव्हतं, ताई. ती असं काही करू शकत नाही. तिला कळेना, म्हणून ती बोलली. पाच जण सुईकडे बघायला लागले. सुई तुझ्या पायावर आडवी पडली होती, खोल नसल्यामुळे तोल राहिला नव्हता तिचा. तू डोळे उघडलेस, पायाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. त्या क्षणी मला तुझं आपटून टाकलेलं पाऊल आठवलं, आणि सगळं कळलं. तू स्वतःच सुई उपटलीस, कपडे खाली केलेस, पिशवी घेतलीस. ‘मला गाडी आहे,’ म्हणालीस. गाडी संध्याकाळची होती.

मी तुझ्यामागे धावले नाही. याचा राग तुला आला असेल तर ऐक. दारापर्यंत आले होते. पण मागे भूलवाला हाडवाल्याला हळूच म्हणाला, ‘हे असं असतं बघ. सगळा मनाचा खेळ. म्हातारीला काही कळत नाही.’ मी दारातून वळले.

म्हटलं, म्हातारीला कळत नाही हे खरं. या म्हातारीलाही कळत नाही. वर्षभर नाही कळत. मी तुम्हाला पास केलं ते तुमची तोंडं बघून, आणि हिला नापास केलं तेही तोंड बघून. माझे दोन्ही पाय बहिरे आहेत. माझ्या बहिणीचेही आहेत हे मला आत्ता तुमच्याबरोबरच समजलं. आमच्या आईचे होते. तुमच्यापैकी कुणीच पास नाही, कारण परीक्षा झालेलीच नाही. खेळ मनाचा नव्हता, माझ्या मनाचा होता. सुईला दोष देऊ नका.

डुलकी पूर्ण जागा होता. भूलवाल्याचे कान लाल झाले. मी तशीच साहेबांकडे गेले, डस्टरविषयी काही न बोलता सगळं सांगितलं, आणि घरी आले. हे म्हणाले, ‘ताई कुठे?’ मी रडले. त्यांनी पेपर खाली ठेवला, यावरून समज.

तुझा राग करावा असं दोन दिवस वाटत होतं. मी सगळं उघडं करून लिहिलं, पाय, टाचणी, सगळं, आणि ते वाचून तू एवढंही लिहिलं नाहीस की माझाही. का आलीस? मग मी स्वतःला विचारलं, नाही म्हणायला काय कारण दिलं असतंस? माझ्याशी न बोलण्याचं कारण तू वर्षानुवर्षं देतच होतीस. या वेळी मी मागितलं आणि तुला मला नाही म्हणवलं नाही. मुलांना पाडवलं नाही, कारण न कळता पाडणं तुला जमलं नसतं. मला ते जमलं होतं. एवढाच आपल्या दोघींत फरक.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. मला तुझी काळजी वाटते. आणि खूप आठवण येते.

धाकटी


सोमवार, २२ एप्रिल

ताई,

साहेब भडकले नाहीत, हे वाईट लक्षण आहे. शांतपणे म्हणाले, ‘परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. तुम्ही शिकवायचं की नाही ते सत्र संपल्यावर बघू.’ म्हणजे बहुधा नाही. असो. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं.

आज पुन्हा परीक्षा झाली. आपल्या दोघींचे पाय बाद, तेव्हा कुणाचे घ्यायचे? सावकाशनेच सुचवलं. मुलांनी एकमेकांचेच घ्यायचे, पण मध्ये पडदा. रोग्याच्या टेबलाभोवती ओढतात तो हिरवा पडदा गुडघ्यावर आडवा टांगला. झोपलेल्याला टोचणाऱ्याचं तोंड दिसत नाही, टोचणाऱ्याला झोपलेल्याचं दिसत नाही. कोण टोचतंय हेही सांगायचं नाही. आत काही उठलं तर ‘आलं’ म्हणायचं, नाहीतर गप्प. मी आणि साहेब कोपऱ्यात स्टुलावर. मला फक्त बघायची परवानगी होती.

भूलवाल्याच्या सुईवर पडदा बराच वेळ गप्प राहिला. त्याने पुन्हा घातली. पुन्हा गप्प. तो पडद्याकडे असा बघत होता की एरवी मी केव्हाच म्हणून टाकलं असतं. मेच्या शेवटी त्याला आणखी एक संधी आहे. साबणाची वडी मागून घेऊन गेला, हे मात्र त्याचं कौतुक.

सावकाशच्या वेळी आत हाडवाला झोपला होता. तिने तिचं सगळं यथासांग केलं, वेळ लागायचा तेवढा लागला. सुई खाली नेली, थांबली, तिच्या तोंडावर नेहमीची ती शंका. आणि पलीकडून हाडवाला जवळजवळ ओरडला, ‘आलं, आलं! घोट्यापर्यंत गेलं, बास!’ तिने डोळे मिटून घेतले. साहेबांनी कागदावर खूण केली. मी माझी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट धरून बसले होते. ती सोडवायला मला वेळ लागला.

सगळे गेल्यावर ती थांबली. मला वाटलं, काही बोलेल, मधल्या परीक्षेविषयी. बोलायला हवंच होतं तिने. मी म्हटलं, तुझ्यावर अन्याय केला मी. ती म्हणाली, ‘हो.’ एवढंच. मग म्हणाली, ‘बूट काढा.’

मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, ‘असल्या पायांत सुया टोचून घेणं धोक्याचं होतं मॅडम. जखम चिघळली असती, तुम्हाला कळलंही नसतं. वर चढा.’ मला टेबलावर बसवलं. खिशातून तो लोखंडी चिमटा काढला, नसांचे डॉक्टर ठोकून कंप देतात तो, आणि तो माझ्या अंगठ्यावर टेकवून विचारलं, ‘कळतंय?’

ताई, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. ती एवढी आशेने बघत होती. मी डोळे मिटले. म्हटलं, नाही. घोट्यावर टेकवला. नाही. नडगीवर. नाही. प्रत्येक वेळी ती सावकाश थांबायची, पुरतं थांबायची, आणि मी नाही म्हणायचे. गुडघ्याच्या वाटीवर आला तेव्हा कळलं. अगदी पुसट, पण कळलं. मी ते सांगितलं. तिने पेनाने तिथे रेघ मारली. म्हणाली, ‘इथून वर आहे. ही रेघ वर सरकू द्यायची नाही.’ औषधांचं, चपलांचं, रोज तळवे आरशात बघायचं, सगळं समजावून सांगितलं. ह्यांना फोन करून तेही सांगितलं, म्हणजे माझी सुटका नाही.

मग कागद भरताना तिने विचारलं, ‘घरात आणखी कुणाला?’

म्हटलं, बहिणीला. तू बघितलंयस तिला.

पेन थांबलं. म्हणाली, ‘त्यांचे पाय कुणी तपासलेत?’

म्हटलं, कुणी नाही. ती कुणाला हात लावू देत नाही.

‘मला लावू देतील?’ ती म्हणाली. ‘मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. त्या परत येतील का?’

तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ती शंका. मी तुला विचारलेलं नाही, तू मला काही कळवलेलं नाहीस, मागच्या पत्राचं उत्तर नाही. तरी मी म्हटलं, येतेय ती. पुढच्याच आठवड्यात. तिने गुरुवारची वेळ लिहून घेतली.

पुन्हा एकदा न कळता बोलले, ताई. या वेळी तरी मला खोटी पाडू नकोस.

तुझी
धाकटी